फेझमध्ये आठवलेले नंदुरबार

नंदुरबारच्या इतिहासावर कुणीही बोलायला उभे राहिले की दोन नावे हमखास येतात. एक बालशहीद शिरीषकुमार मेहता यांचे आणि दुसरे इब्ने बतूता या मोरोक्कोच्या मुसाफिराचे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार आणि त्याचे सोबती शहीद झाले. त्यांचे स्मारक गावात उभे आहे आणि शाळेतल्या पोरापोराला ते ठाऊक आहे. दुसरे नाव मात्र एका जाडजूड अरबी ग्रंथातल्या एका परिच्छेदापुरते आहे. इब्ने बतूता १३४२ च्या सुमारास नंदुरबारला आला होता, एवढे सांगून वक्ते पुढे जातात. आपल्या बिरादरीतल्या जलशांतही हे नाव अभिमानाने घेतले जाते. त्या परिच्छेदात काय आहे आणि तो कसा लिहिला गेला, हे विचारायला सहसा कुणी थांबत नाही.

मला हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण तो परिच्छेद नंदुरबारात लिहिलेला नाही. तो तेरा वर्षांनंतर, हजारो मैल दूर मोरोक्कोतल्या फेझ शहरात सांगितला गेला. सांगणाऱ्याजवळ त्या वेळी नंदुरबारविषयीचा एकही कागद असण्याचा संभव फार थोडा होता. त्याच्याजवळ होती ती फक्त याद. आपल्या गावाचे सातशे वर्षांपूर्वीचे हे चित्र एका माणसाच्या आठवणीतून उभे राहिले आहे. म्हणून आठवण कशी चालते, ती काय धरते आणि काय सोडते, हे पाहिल्याशिवाय या परिच्छेदाचा अर्थ लागत नाही.

गाव जसे दिसले तसे

अबू अब्दुल्लाह मुहम्मद इब्ने बतूता याचा जन्म २५ फेब्रुवारी १३०४ चा, तंजा शहरातला. जून १३२५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो हजला म्हणून घराबाहेर पडला आणि चोवीस वर्षे परतला नाही. इजिप्त, शाम, हिजाज, इराण, आफ्रिकेचा पूर्व किनारा, तुर्कस्तान असे करत तो सप्टेंबर १३३३ मध्ये सिंधू नदीवर पोचला. दिल्लीत सुलतान मुहम्मद बिन तुघलकाने त्याला काझी नेमले. इथले लोक हनफी, तो मालिकी. इथल्या दरबाराची भाषा फारसी, त्याची अरबी. तरी सुलतानाच्या मेहरबानीने आणि कधी त्याच्या धाकाने त्याने काही वर्षे काढली. मग सुलतानाने त्याला चीनच्या बादशहाकडे एलची म्हणून पाठवायचे ठरवले. १३४२ च्या सुमारास हा काफिला दिल्लीहून निघाला. ग्वाल्हेर, चंदेरी, उज्जैन, धार करत तो दौलताबादला आला आणि तिथून खंबायतच्या बंदराकडे जाताना वाटेत नंदुरबार लागले.

दख्खनमधून गुजरातच्या बंदरांकडे जाणारी ही जुनी वाट. तापीचे खोरे धरून माल खाली उतरत असे. पुढच्या काळात याच वाटेने नंदुरबारला भरभराट आणली. अकबराच्या काळात अबुल फज्लने 'आईने अकबरी'त नंदुरबारची नोंद माळवा सुभ्यातले एक सरकार म्हणून केली आहे. पण १३४२ मध्ये फारुकी घराण्याची सत्ता खानदेशात यायला अजून काही दशके होती. गाव दिल्लीच्या अमलाखाली होते आणि लहान होते. इब्ने बतूताही ते लहानच असल्याचे सांगतो. त्याच्या अरबी ग्रंथात गावाच्या नावातला अनुस्वार तेवढा वाटेत पडला आहे. बाकी नाव ओळखू येण्याइतके शाबूत आहे.

तो सांगतो की या गावात मरहट्टे राहतात. मरहट्टे म्हणजे इथे मराठी मुलखातले लोक, आजच्या अर्थाने एक जात नव्हे. हे लोक हुन्नरात तरबेज आहेत, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी आहेत. त्यांच्यातले वरिष्ठ म्हणजे ब्राह्मण आणि क्षत्रिय. त्यांचे खाणे भात, भाजीपाला आणि तिळाचे तेल. जनावराला त्रास देणे किंवा मारणे त्यांना आवडत नाही. जेवणापूर्वी ते अंघोळ करतात. नात्यात सात पिढ्यांचे अंतर असल्याखेरीज लग्न करत नाहीत. दारू पीत नाहीत आणि दारू पिणे हा फार मोठा दोष समजतात. एवढे सांगून तो पुढे हिंदुस्थानातल्या मुसलमानांमध्येही दारूला तसेच वाईट मानतात, हे जोडतो आणि पिणाऱ्याला ऐंशी फटके व तीन महिने अंधारकोठडी अशी सजा असल्याचे सांगतो. नंदुरबारचा मजकूर इथे संपतो. पुढचा मुक्काम मोठ्या नदीकाठचे एक गाव. अभ्यासक ते गुजरातेतले सोनगड मानतात. तिथली पाण्याची रहाटगाडगी, आंबा, केळी आणि ऊस त्याच्या लक्षात राहिले.

कागद गेले, आठवण उरली

चीनची ही स्वारी कालिकतच्या किनाऱ्यावरच बुडाली. वादळात जहाज फुटले, सुलतानाचा नजराणा आणि सोबतचे अधिकारी समुद्रात गेले. इब्ने बतूता जुम्म्याच्या नमाजसाठी किनाऱ्यावर थांबला होता, म्हणून वाचला. हातात दहा दीनार आणि अंथरायचा एक गालिचा, एवढेच उरले. पुढे तो मालदीवमध्ये काझी झाला, सिलोनला गेला. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर होनावरजवळच्या समुद्रात चाच्यांनी त्याचे जहाज लुटले. अंगावरच्या एका इजारीशिवाय सारे गेले. बुखाऱ्यातल्या विद्वानांच्या कबरींवरचे मजकूर त्याने मेहनतीने उतरवून घेतले होते. तेही या लुटीत गेल्याचे तो स्वतःच सांगतो. म्हणजे त्याला टिपणे ठेवायची सवय होती आणि ती टिपणे हिंदुस्थानच्या समुद्रात नाहीशी झाली. नंदुरबारविषयी काही लिहून ठेवले असेलच, तर त्याचीही गत तीच झाली असणार.

नोव्हेंबर १३४९ मध्ये तो फेझला परतला. त्यानंतर अंदालुसिया झाले, सहारा ओलांडून मालीचा सफर झाला. मग मरिनी सुलतान अबू इनान याने हुकूम दिला की या माणसाने जे पाहिले ते लिहून घ्यावे. लिहून घेण्याचे काम ग्रानाडाहून आलेल्या इब्ने जुझय्य या तिशीतल्या कवीकडे आले. एक बोलत गेला, दुसरा लिहीत गेला. डिसेंबर १३५५ मध्ये सांगणे संपले आणि पुढच्या काही आठवड्यांत पुस्तक तयार झाले. त्याचे लांबलचक अरबी नाव बाजूला ठेवून लोक त्याला नुसते 'रिहला', म्हणजे सफर, म्हणतात.

सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा, ही गोष्ट आपल्या खानदेशाला नवी नाही. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या गात राहिल्या आणि ते शब्द मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी कागदावर उतरवले. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. तो कागद नसता तर महाराष्ट्र एका थोर कवयित्रीला मुकला असता. मात्र लिहून घेणारे दोन प्रकारचे असतात. सोपानदेवांनी आईची बोली तशीच राखली. इब्ने जुझय्य दरबारी माणूस होता, त्याने ठिकठिकाणी शेरोशायरी घातली. दमिश्क आणि मक्का-मदिनेच्या वर्णनांत तर त्याने दीडशे वर्षांपूर्वीच्या इब्ने जुबैर या मुसाफिराचा मजकूर उचलून जोडला. मोठ्या शहरांची नामांकित वर्णने त्याच्या हाताशी तयार होती. नंदुरबारवर अरबीत लिहून ठेवणारा दुसरा कोण सापडणार होता? लहान गाव असल्याचा हा फायदा. त्यामुळे आपला परिच्छेद बहुधा जसा बोलला गेला तसाच उरला आहे.

आठवण कशाला धरून राहते

आता तो परिच्छेद पुन्हा वाचा. गावात किती घरे, वेस कशी, बाजार कुठे, अंमलदार कोण, यातले काहीच त्यात नाही. तेरा वर्षांत हे सारे पुसले गेले. उरले काय? जेवणापूर्वीची अंघोळ, लग्नाचे नियम, खाणे आणि दारू. हे चारही विषय एका काझीच्या रोजच्या कामातले आहेत. तहारत, निकाह, हलाल-हराम आणि हद्द. फिक्हच्या किताबातले जणू चार अध्यायच. नंदुरबारकरांची अंघोळ सांगताना तो तिची तुलना आपल्याकडच्या गुस्लशी करतो. मरहट्ट्यांचा दारूविषयीचा तिटकारा सांगताना त्याला लगेच आपल्या शरीअतमधले ऐंशी फटके आठवतात.

उर्दूत 'निस्बत' हा फार सुंदर शब्द आहे. नाते, संबंध, ओढ, सगळे त्यात येते. आपल्या आडनावांपासून सूफींच्या सिलसिल्यांपर्यंत निस्बतीचा हा धागा जातो. हदीसच्या इल्ममध्ये तर नुसते ऐकलेले वाक्य चालत नाही. कुणाकडून ऐकले, त्याने कुणाकडून ऐकले, ही साखळी पुरी असावी लागते. आठवण माणसांच्या साखळीत बांधलेली असते, हे आपल्या परंपरेला पहिल्यापासून माहीत होते. इब्ने बतूता याच शिक्षणातून आलेला होता. परक्या गावात ज्या गोष्टीची निस्बत त्याच्या घराशी, त्याच्या दीनशी, त्याच्या पेशाशी जुळली, ती त्याने जन्मभर सांभाळली. ज्याचे नाते जुळले नाही ते वाटेत गळाले. दौलताबादच्या आठवणीतही हेच दिसते. तिथल्या गाणाऱ्या-बजावणाऱ्यांच्या बाजाराचे त्याने लांब वर्णन केले आहे. त्यात त्याने आवर्जून सांगितलेली गोष्ट अशी की या बाजारात गवयांसाठी मशिदी आहेत आणि रमजानमध्ये तिथे तरावीह होते.

खाण्याचे पाहा. भात, भाजी आणि तिळाचे तेल. आज देशात नंदुरबारचे नाव लाल मिरचीसाठी आहे. हंगामात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळायला पडली की सारा शिवार लाल होतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ठसका लागतो. पण मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आली, ती इब्ने बतूतानंतर दीडशे-दोनशे वर्षांनी. शेंगदाणाही तिकडचाच. म्हणजे आज ज्या दोन गोष्टींवाचून खानदेशी स्वयंपाक सुचत नाही, त्या दोन्ही त्याच्या ताटात नव्हत्या. दादर ज्वारीच्या भाकरीचाही उल्लेख नाही. हिंदुस्थानातल्या हलक्या-भारी धान्यांची त्याला चांगली माहिती होती, दुसऱ्या ठिकाणी त्याने ती दिली आहे. मला वाटते, सुलतानाच्या एलचीला गावाने घरची भाकरी न वाढता पाहुण्याचा भात वाढला असावा. आजही आपल्याकडे पाहुणा आला की भाताचेच भांडे आधी चुलीवर चढते.

आणि हे चित्र एकाच ओळीतल्या लोकांचे आहे, हे विसरून चालणार नाही. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी ही माणसे तेव्हाही सातपुड्याच्या कुशीत आणि तापीकाठी होती. इब्ने बतूताच्या परिच्छेदात ती नाहीत. गावात दारू वर्ज्य आहे असे तो सांगतो तेव्हा तो ज्या घरांत उतरला त्या घरांचे सांगतो. महुवाच्या झाडाखालचे जग त्याने पाहिले नाही, किंवा पाहून लक्षात ठेवले नाही. तशीच दुसरी गोष्ट त्याच्या स्वतःच्या काफिल्याची. चीनच्या बादशहासाठी निघालेल्या नजराण्यात शंभर घोडे, शंभर गुलाम आणि शंभर गाणाऱ्या-नाचणाऱ्या दासी होत्या. ही माणसेही नंदुरबारच्या रस्त्याने चालली असतील. त्यांनी हे गाव कसे पाहिले, मागे सोडलेले आपले गाव त्यांना इथे आठवले का? त्यांच्यासाठी कुठल्या सुलतानाने कातिब बसवला नाही. एकाची आठवण ग्रंथ होते आणि शंभरांची धुळीत जाते. इतिहास वाचताना ही बोच राहिली पाहिजे.

मुसाफिराचे अश्रू

रिहला हा नुसता माहितीचा ग्रंथ असता तर भूगोलाची नवी पुस्तके आल्यावर तो कपाटात गेला असता. आज तो जगभर वाचला जातो, कारण त्यात एक माणूस आहे आणि तो माणूस रडताना लाजत नाही. आईबाप हयात असताना घर सोडणे किती जड गेले, हे तो पहिल्याच पानांवर सांगतो. पुढे ट्यूनिस आले. शहरातले लोक काफिल्याला सामोरे आले, जो तो आपल्या ओळखीच्याला भेटू लागला. याला ओळखणारे कुणीच नव्हते. त्याला रडू आवरेना. तेव्हा एका हाजीने त्याची अवस्था ओळखली, जवळ येऊन सलाम केला आणि शहरात शिरेपर्यंत त्याच्याशी बोलत राहिला. ही गोष्ट सांगितली तेव्हा तिला तीस वर्षे होऊन गेली होती. किती सुलतान, किती खिलअती, किती दरबार मधे येऊन गेले, तरी तो एक सलाम मिटला नाही.

दिल्लीत पोचल्यावर थोड्याच दिवसांत त्याची वर्षाच्या आतली मुलगी वारली. तिसऱ्या दिवशी कबरीवर फुले कशी आणली, गुलाबपाणी कसे शिंपडले, कुरआन कसे पढले गेले, हे तो बारकाईने सांगतो. वाचणाऱ्याला वाटते की हा हिंदुस्थानातले रिवाज सांगतो आहे. तो रिवाज सांगतोच, पण त्या रिवाजाआडून एक बाप बोलतो आहे. १३४८ मध्ये परतीच्या वाटेवर दमिश्कला कळले की वडील जाऊन पंधरा वर्षे झाली. याच शहरात मागे राहिलेला एक मुलगाही बारा वर्षांपूर्वी गेला होता. ताऊन, म्हणजे प्लेगची साथ, सगळीकडे पसरली होती. घराजवळ आल्यावर खबर मिळाली की आईही त्यातच गेली. चोवीस वर्षांनी घरी परतलेल्या मुलाने तंजाला जाऊन आईची कबर पाहिली.

आणखी एक प्रसंग. चीनच्या एका शहरात आपल्याच मुलखातल्या सबता गावचा माणूस भेटला, असे तो सांगतो. नाव निघाले, गाव निघाले आणि दोघेही रडले. काही वर्षांनी सहाराच्या तोंडावर सिजिलमासा इथे तो ज्याच्या घरी उतरला, तो त्या माणसाचा सख्खा भाऊ निघाला. हे दोन भाऊ एकमेकांपासून किती दूर, असे म्हणून तो नवल करतो. त्याच्या चीनच्या सफरीतल्या काही भागांवर अभ्यासकांना शंका आहे. पण हा प्रसंग वाचताना लक्षात येते की या माणसाच्या मनातला नकाशा शहरांचा नव्हता, माणसांचा होता.

कला अशीच जन्मते. साने गुरुजींचे उदाहरण आपल्या खानदेशाच्या घरचे. अमळनेरच्या शाळेत ते शिक्षक होते. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली. जवळ ना डायरी, ना घरची पत्रे. आई जाऊन कितीतरी वर्षे झाली होती. भिंतींच्या आत त्यांच्याजवळ तिच्या आठवणींशिवाय दुसरे धन नव्हते आणि तेवढे पुरले. उर्दू शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्याला हे पुस्तक मराठीच्या तासाला भेटले. त्यातले घर कोकणातल्या ब्राह्मणाचे, पण त्यातली आई कुणाला परकी वाटली नाही.

त्याहून वेगळी गोष्ट मकबूल फिदा हुसेन यांची. जन्म १९१५, पंढरपूरचा. जेमतेम दीड वर्षाचे असताना आई झैनब वारली. आईचा फोटो नाही आणि चेहरा आठवत नाही. जन्मभर त्यांनी आई रंगवली आणि कितीतरी चित्रांत तिचा चेहरा कोरा ठेवला. मदर तेरेसांवरची त्यांची चित्रे पाहा. निळ्या काठाची पांढरी साडी आहे, कुशीत मूल आहे, चेहऱ्याच्या जागी पोकळी आहे. आजोबा कंदील बनवत, तो कंदील त्यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येतो. २००६ साली त्यांना देश सोडावा लागला आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये ते वारले. पंढरपूरची ती पोकळी त्यांच्याबरोबर तिकडेही गेली असणार. जे आठवत नाही त्याचेही चित्र काढता येते, हे हुसेन यांनी दाखवले. फक्त न आठवणाऱ्या जागी खोटा चेहरा काढायचा नाही, एवढी इमानदारी हवी.

पुरावा की साक्ष

आठवणीवर विश्वास किती ठेवावा? हा प्रश्न इब्ने बतूताच्या हयातीतच निघाला. इब्ने खल्दूनने 'मुकद्दमा'मध्ये लिहिले आहे की हा माणूस हिंदुस्थानच्या सुलतानाच्या गोष्टी सांगू लागला, तेव्हा दरबारातले लोक तो थापा मारतो असे कुजबुजू लागले. स्वतः इब्ने खल्दूनलाही शंका होती. त्याने ती फारिस नावाच्या वजीराला बोलून दाखवली. वजीराने एक गोष्ट सांगितली. एका वजीराला कैदेत टाकले आणि त्याचा मुलगा कैदेतच वाढला. पुढे मुलगा विचारू लागला की आपण खातो ते मांस कशाचे? बाप म्हणाला, बकरीचे. बकरी कशी असते? बापाने वर्णन केले. मुलगा म्हणाला, म्हणजे उंदरासारखीच ना! त्या कोठडीत त्याने उंदरांशिवाय दुसरे जनावर पाहिलेच नव्हते.

सांगणाऱ्याला स्मृती लागते, तशी ऐकणाऱ्यालाही लागते, हा या गोष्टीचा मतलब. आज आपण नंदुरबारचा परिच्छेद वाचतो तेव्हा आपलीही एक कोठडी असते. गेल्या काही दशकांत मुसलमान कुठून आले, हा प्रश्न वारंवार आपल्या तोंडावर फेकला गेला आहे. मग आपणही उत्तर म्हणून सनावळ्या शोधू लागतो. १३४२ मध्ये इब्ने बतूता इथे होता, म्हणजे आपण तेव्हापासून इथे आहोत, असे म्हणून टाळ्या मिळतात. माझे म्हणणे आहे की हा मोह सोडावा. इब्ने बतूता इथला नव्हता आणि इथे राहिला नाही. तो आपला पूर्वज नव्हे. खानदेशी मुसलमानांतल्या बहुतेकांचे पूर्वज याच मातीत निपजले. काही घोड्यांबरोबर आले, काही १८५७ नंतर उत्तरेतून माग घेऊन मालेगावकडे आणि पुढे खानदेशात आले, काही रेल्वेबरोबर आले. ज्याने त्या दिवशी पाहुण्याला भात वाढला, त्याचे वंशज आज मंदिरात असतील, मशिदीतही असतील. इब्ने बतूता आपला साक्षीदार आहे, एवढे पुरेसे आहे. साक्षीदाराकडून वंशावळ मागू नये.

खरी उणीव निराळीच आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या परक्या माणसाची आठवण आपण मिरवतो आणि आपल्याच घरच्या आठवणी अलिखित राहतात. माझ्या वर्गात मी अनेकदा पाहिले आहे. निबंध म्हटला की मुले गाइडमधला बरसातीचा मौसम उतरवतात. मग मी सहावीच्या मुलांना सांगू लागलो की घरातल्या सर्वांत जुन्या वस्तूविषयी लिहा, घरी विचारून लिहा. कुणी पानदानावर लिहिले, कुणी परदादांच्या मागाच्या धोट्यावर. एका मुलीने नानीच्या जात्यावर लिहिले आणि नानी दळताना जे म्हणत असे ते अहिराणीत होते, हे तिला पहिल्यांदा कळले. एक मुलगा गप्प बसून राहिला. म्हणाला, भाड्याची घरे बदलता बदलता आमच्याकडे जुने काहीच उरले नाही. त्याला म्हटले, जे गेले त्याचेच लिही. त्याचे पान सर्वांत लांब झाले.

हे काम आदिवासींनी आपल्याआधी हाती घेतले. शहाद्याकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा कवितासंग्रह १९८७ साली आला. त्यांच्या 'स्टेज' या कवितेची पुढे खूप चर्चा झाली. आमचे दुःख दुसरेच बोलत राहतात, हा सल तिच्यामागे आहे. संग्रहाचे नावही विचार करण्याजोगे. खानदेशातल्या बाया जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे, फाटक्या कुडत्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवतात. आपल्या घरांतही मरहूम दादीच्या ओढणीचा तुकडा तिच्यात सापडतो. गोधडी ऊब देते ती जाडीमुळे, पण पोरे तिच्यासाठी भांडतात ती तुकड्यांच्या ओळखीमुळे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली गावे गेली. त्या गावांचे आता जे काही उरले आहे ते उठवलेल्या माणसांच्या बोलण्यात आणि गाण्यात. लिहून घेणारा मिळाला नाही तर तेही एका पिढीचे सोबती.

सोलापूरला १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण मराठीत आपले जगणे मांडू लागलो. कथा आल्या, कविता आल्या. आता घरोघरच्या म्हाताऱ्यांजवळ वही घेऊन बसणारे हात हवेत. भाषा उर्दू असो, मराठी असो, अहिराणी असो, नंतर ती एकीतून दुसरीत जाईल. इब्ने बतूताचा ग्रंथही असाच फिरला. अल्जेरियात सापडलेल्या हस्तलिखितांवरून तो १८५३ ते १८५८ या काळात पॅरिसला छापून निघाला, मग इंग्रजीत आणि उर्दूत आला आणि असा वळसा घालून नंदुरबारला नंदुरबारची आठवण परत मिळाली.

त्या आठवणीची एक बाजू मात्र कायमची गेली आहे. तो पाहुणा दोन दिवस राहिला की चार, तो कुठली भाषा बोलला, त्याने भात कसा खाल्ला, निघताना काय म्हणाला, हे ज्यांनी त्याला वाढले त्यांनी कितीतरी वर्षे आपल्या पोराबाळांना सांगितले असेल. ते लिहून घ्यायला त्या ओसरीवर कुणी बसले नव्हते.